पेंढ्याची माणसं

त्या वर्षी भाताची झोडणी उरकली आणि आमच्या पडवीत मेलेली माणसं राहायला आली. आली म्हणजे आम्हीच ती बनवली. सिनेमावाल्यांनी जुनी धोतरं, बंड्या आणि पागोट्यांची गाठोडी आणून टाकली होती, दादांनी खळ्यावरून पेंढा आणला, आणि आई, मी आणि शेजारची हौसाबाई अशा तिघी दिवसभर पेंढा कोंबत बसायचो. दंडात पेंढा, मांडीत पेंढा, पोटात जरा जास्त. डोक्याला गोणपाटाचा गोळा आणि त्यावर पागोटं. लांबून पाहिलं तर खरंच कोणी पडलंय असं वाटायचं. हौसाबाई एकेकाचं पोट थोपटून म्हणायची, "हा पाटील दिसतोय, याला लय चारलं तुम्ही." हातांना पेंढ्याने खाज सुटायची, केसांत कुसळं अडकायची, आणि पडवीभर नव्या भाताचा तो गोडसर वास दरवळत असायचा. आजही कुठे पेंढा रचलेला दिसला की मला भाताची आठवण येत नाही, त्या माणसांची येते.

आमचं गाव नाशिकहून हरसूलला जाणाऱ्या रस्त्यावर, डोंगराच्या पायथ्याशी. पावसाळ्यात भात आणि नागली, थंडीत झेंडू आणि टोमॅटो. दादा फुलं घेऊन नाशिकच्या बाजारात जायचे, तिथेच त्यांना सिनेमाचा एक माणूस भेटला. घोडे पळवायला मोठा माळ हवा, मागे डोंगर हवा आणि विजेचा एकही खांब दिसता कामा नये, असं तो म्हणाला. विजेचा खांब नसणं ही आमच्या गावाची एकमेव शोभा पहिल्यांदाच कोणाच्या तरी उपयोगी पडत होती. दादांनी लगेच गावाचं नाव सांगितलं. पेंढा, बैलगाड्या, पाण्याची पिंपं आणि लढायला माणसं, सगळं पुरवायचं दादांनी अंगावर घेतलं. सिनेमा जुन्या काळातला होता, मराठे आणि मोगल यांच्या लढाईचा. आता त्या माळावर पोहण्याच्या तलावाचं हॉटेल झालं आहे. माझी नात मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिथे जाऊन आली आणि मला फोनवर फोटो दाखवत होती. मी फोटोत मागचा डोंगर तेवढा बघत होते.

आईने पेंढ्याच्या माणसांना घरात घेतलं, पण त्यांना आडवं होऊ दिलं नाही. घरात कोणी मढ्यासारखं आडवं पडलेलं तिला चालणार नव्हतं, मग ते पेंढ्याचं का असेना. म्हणून तयार झालेला प्रत्येक मेलेला आम्ही भिंतीला टेकवून बसवायचो. आम्ही चुलीपुढे नागलीची भाकरी, उडदाची आमटी आणि ठेचा घेऊन बसलो की पडवीत ओळीने बसलेले हे पाहुणे आमच्या ताटांकडे बघत असल्यासारखे वाटत. माझा धाकटा भाऊ भिका उठून त्यांना आग्रह करायचा. "घ्या पाटील, लाजू नका, उद्या मरायचंय तुम्हाला." आई त्याला चुलीजवळची फुंकणी उगारून दाखवायची. तो हसत हसत अंगणात पळायचा आणि तिथून पुन्हा ओरडायचा, "आमटी वाढ गं त्यांना!"

हा भिका आईचा जीव होता, आणि त्याला कारण होतं. माझ्या पाठीवर आईला दोन मुलगे झाले आणि दोघंही पाळण्यातच गेले. मी मुलगी, मला काही झालं नाही. मुलींकडे मरणसुद्धा बघत नाही, असं आमची आत्या माझ्यासमोर म्हणायची, आणि मी ते खरं समजून फार निर्धास्त वाढले. भिका झाला तेव्हा आत्याने त्याला सुपात घालून उंबऱ्याबाहेर नेलं, दुसऱ्याला देऊन टाकला म्हणाली आणि दारात उभं राहून पदर पसरून परत मागून आणलं. मागून आणलेल्या पोराला मरण ओळखत नाही, अशी आमच्याकडची समजूत. म्हणून त्याचं नाव भिका. तो टिकला. नुसता टिकला नाही, ताडमाड वाढला. गावात कोणाचंही काम असलं की हा पुढे, कोणाची टवाळी करायची असली की हाच पुढे. आई त्याला दिवसातून दहा वेळा शिव्या द्यायची आणि तो दिसेनासा झाला की अंगणात येऊन उभी राहायची.

लढाईत भिकाला घ्यायचं म्हटल्यावर आईने अट घातली. "पळायचं, वरडायचं, तलवार फिरवायची. पण पडायचं नाय. मेलेल्यांत मला तू दिसला नाय पाहिजे." दादांनी कबूल केलं. सिनेमावाल्यांनाही ते सोयीचं होतं, कारण मरायला पुष्कळजण तयार होते. मेलेल्याला दुपारभर पडून राहता येतं आणि पळणाऱ्याला तोच चढ पुन्हा पुन्हा पळावा लागतो. शिवाय सगळीच माणसं पेंढ्याची चालत नाहीत. कॅमेऱ्याच्या जवळ खरी माणसं निजवायची, लांब आमचे पाटील पसरायचे, असा हिशेब होता. आम्ही बायका आदल्या दिवशी कपडे चहाच्या पाण्यात उकळायचो, मग काळ्या मातीत घोळायचो, मग दगडावर घासून त्यांना फाडायचो. धुतलेलं कापड मळवायला हात वळत नसे. हौसाबाईने तर पहिल्या दिवशी सवयीने एक फाटलेली बंडी शिवून टाकली आणि वर तोंड करून म्हणाली, "एवढं भोक घालून लढाईला जायचं का?"

रक्त काकवीचं असायचं. काकवीत लाल रंग आणि थोडी हळद घालून मोठ्या पातेल्यात ढवळलं की सूर्याखाली ते अगदी खरं दिसे. मुंबईचे लोक म्हणाले की त्यांच्याकडे डब्यातलं रक्त आहे, पण ते संपलं आणि दादांनी हा उपाय सुचवला. झालं असं की काकवीला मुंग्या आल्या. तोफ फुटायची, पंख्यासमोर मातीची पोती उधळायची, घोडे निघायचे, आणि सगळं जमत आलं की एखादा मेलेला थाडकन स्वतःच्या गालावर चापट मारायचा. मोठे साहेब, म्हणजे दिग्दर्शक, टोपी जमिनीवर आपटायचे. मोहन नावाचा त्यांचा मदतनीस धावत जाऊन मेलेल्यांना हात जोडायचा, "दादा, एवढं सहन करा, मेलेल्याला मुंगी कळत नाही." मोहन पुण्याचा, गोड बोलायचा, आईला मावशी म्हणायचा, आमच्या चुलीपुढे बसून चहा प्यायचा. तो मला आवडायचा, हे लिहायला आता या वयात कसली लाज.

मोहनने आईला रडताना ऐकलं ते त्याच आठवड्यात. गावातले एक म्हातारे वारले. आमच्याकडे मयताला बायका हेल काढून रडतात. नुसतं रडत नाहीत, गेलेल्याचं सगळं आयुष्य त्या रडण्यात सांगतात. आईचं रडणं पंचक्रोशीत नावाजलेलं होतं. ती मयताच्या अंगणात शिरली की बाकीच्या बायका आपोआप गप्प होत. ती म्हाताऱ्याच्या बैलाचं नाव घ्यायची, त्याच्या तंबाखूच्या चंचीला बोलायची, त्याने कधी कोणाला पाणी पाजलं ते सांगायची, आणि ज्यांनी त्या म्हाताऱ्याशी वर्षानुवर्षं भांडण धरलं होतं त्यांनाही हुंदका आवरत नसे. मोहन कुडाबाहेर उभा राहून ऐकत होता. संध्याकाळी तो आमच्याकडे आला आणि चहाला हातही न लावता म्हणाला, "मावशी, लढाई संपल्यावर बायका रणावर आपापली माणसं शोधायला येतात, असा प्रसंग आहे. तुम्ही त्यात रडाल का?"

आई हसली. मग गंभीर झाली. जिवंत माणसाला रडायचं नाही, हा तिचा नेम होता. ती कधी गंमत म्हणूनसुद्धा हेल काढत नसे. आम्ही लहानपणी बाहुलीचं मयत खेळायचो तर पाठीत धपाटा मिळायचा. पण दादांचं काम होतं, मोहन आर्जव करत होता, आणि खरं सांगायचं तर आपल्या रडण्याचं कोणी एवढं कौतुक करतंय याचं तिला आतून बरं वाटत होतं. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच तोड काढली. "मला दीर नाय," ती म्हणाली. "हे एकटेच. मग मी दिराला रडते. जो झालाच नाय त्याला बाधायचं काय?" मोहनने टाळी वाजवली. आईने आणखी एक अट घातली. घोंगडीखाली तिने स्वतः भरलेला पेंढ्याचा माणूस पाहिजे, जिता माणूस चालणार नाही.

मग आमच्या अंगणात त्या नसलेल्या दिराची तालीम झाली. आई पेंढ्याच्या एका पाटलाशेजारी बसली, पदर डोळ्यांवर ओढला आणि तिने हेल काढला. "भावजी रं माझ्या, मी लग्न होऊन आले तवा तुम्ही माझ्या जोडव्यांना हसला रं... पहिल्या पंचमीला मला माहेरी सोडायला तुम्हीच आला रं... आता तुमच्या वाटंची भाकर मी कोणाला वाढू रं..." हौसाबाई पदर तोंडाला लावून बसली होती. दादा, ज्यांना सख्खा भाऊ कधी नव्हता, तेही खांबाला टेकून घळघळा रडत होते. रडणं संपल्यावर आईने डोळे पुसले आणि विचारलं, "भात शिजला का गं?" तिला असं रडून उठता यायचं. मयताच्या घरून येऊन ती निवांत जेवायची. त्यात खोटेपणा नव्हता, ती तिची कामाची रीत होती. आम्ही सगळे त्या दिवशी इतके हसलो. भिका तर पुढे दोन दिवस "माझा चुलता गेला" म्हणून गावभर सांगत फिरला.

मोठ्या साहेबांना मात्र दीर पसंत पडला नाही. माळावर पहिल्यांदा आईने रडून दाखवलं तेव्हा ते मान हलवत मोहनला काहीतरी हिंदीत म्हणाले. मोहन आईपाशी येऊन बसला. "मावशी, सुंदर आहे. पण साहेबांना आई हवी. मुलाला रडणारी आई." आईने सरळ सांगितलं, "लेकाला नाय रडणार. दुसरी बाई बघा." मोहन लगेच म्हणाला, "नाही नाही, राहू द्या, दीरच राहू द्या. फक्त शेवटी घोंगडी थोडी वर करा. आत तुमचाच पेंढा आहे." आई हो म्हणाली. घोंगडी वर करण्यात काय आहे, असं मलाही वाटलं.

त्या दिवशी सकाळी ऊन चांगलं तापलं होतं. आदल्या दिवशी तोफेच्या आवाजाने घोडे बुजले होते आणि पळणाऱ्यांतल्या एकाचा पाय मोडून त्याला नाशिकला दवाखान्यात नेलं होतं, त्यामुळे सगळेच जरा दबकून होते. टायर आणि ओला पेंढा जाळून धूर केला होता. आमचे पाटील लांबवर उताणे, पालथे, कसेही पसरले होते, आणि त्यांना तसं आडवं पाहून आईने तोंड फिरवलं. आम्ही बायका धुरातून चालत निघालो. आई पुढे, मी तिच्या मागे. ठरलेल्या घोंगडीपाशी आई बसली आणि तिने दिराला हाक घातली. जोडवी झाली, पंचमी झाली, भाकर झाली. मग तिने घोंगडीचं टोक धरून वर केलं. आत भिका होता.

लोक मला विचारतात, हे सिनेमाचं चाललंय हे तिला माहीत नव्हतं का? माहीत होतं. पण घोंगडीखाली पेंढा असायला हवा होता, आणि भिका तिकडे चढावर पळायला हवा होता. त्याच्या गळ्यात बाण होता, कानापासून बंडीपर्यंत काकवी ओघळली होती, आणि त्याच्या मिटलेल्या पापणीवरून मुंग्यांची ओळ चालली होती. तो त्यांना झटकत नव्हता. जन्मात कधी घटकाभर गप्प न बसलेलं ते पोरगं हलत नव्हतं. आईचा हेल तुटला. मग जो आवाज आला तो मी कोणाच्याच मयताला ऐकला नव्हता. त्यात सूर नव्हता, शब्दांची जुळणी नव्हती. "भिका गेला," ती म्हणाली. "माझा भिका गेला गं. माझा लेक गेला." आणि तिने त्याच्या छातीवर कपाळ आपटलं.

मी पुढे धावले. मोहनने लांबून हाताने थांब, थांब अशी खूण केली, ती मला दिसली. मी थांबले नाही. "जिता हाय," मी ओरडले, "आई, जिता हाय तो!" तेव्हा कुठे कोणीतरी कट म्हणालं, आणि भिका एकदम उठून बसला, तोंडावरच्या मुंग्या झटकत आणि हसत. त्याला मोहनने सांगितलेलं होतं, कट ऐकेपर्यंत श्वाससुद्धा घ्यायचा नाही, आईची गंमत करू. "अगं मीच हाय की," तो म्हणाला. आईने त्याच्या छातीवर तळहात ठेवला, नाकापुढे बोट धरलं. आणि मग चारी बाजूंनी टाळ्या सुरू झाल्या. मोठे साहेब स्वतः टाळ्या वाजवत होते. त्या टाळ्यांचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. नाटकात किंवा लग्नात कोणी टाळ्या वाजवल्या की मी अजूनही हात मांडीवर ठेवून बसते, आणि लोकांना वाटतं म्हातारी कंजूष आहे.

आईने भिकाला मारलं नाही, शिवीही दिली नाही. ती पदर सावरून उठली आणि माळ उतरून थेट ओहोळावर गेली. मयताहून आल्यावर करतात तशी अंगावरच्या लुगड्यासकट डोक्यावरून आंघोळ केली. घरी येऊन ओलेत्याने बसून राहिली. चूल पेटवली नाही. मी पेटवायला गेले तर माझा हात धरला. दिवस कलल्यावर हौसाबाई पिठलं-भाकरी झाकून घेऊन आली, सुतकाच्या घरी शेजारणी आणतात तशी. तिला कोणी सांगितलं नव्हतं, पण चूल पेटली नाही हे तिने बघितलं होतं. दादा चिडले. "येडी झालीस का? सिनेमा व्हता तो." आई म्हणाली, "सिनेमा तुमचा व्हता. माझं रडं सिनेमाचं नव्हतं."

भिका तिच्या पायाशी बसला होता. त्याने कान धरले, हसवायचा प्रयत्न केला, मग रडायला लागला. आई त्याच्याकडे बघायची पण त्याला हात लावत नव्हती. तिने दादांना समजावून सांगितलं, आणि इतक्या शांतपणे सांगितलं की आम्हाला जास्त भीती वाटली. "मी त्याला नाव घेऊन रडले. लेक म्हणून रडले. गेला म्हणाले. आता माझ्या घरातला भिका गेला. जो राहिलाय तो दुसऱ्या कोणाचा असला तरच राहील." दादा म्हणाले, जन्मला तेव्हाच तर सुपात घालून दिला होता. "दिला आणि लगेच परत घेतला," आई म्हणाली. "म्हणूनच मरण परत दारात आलं. या वेळंला परत नाय घ्यायचा."

त्याच दिवशी संध्याकाळी मोहन आला, हातात साडी घेऊन. त्याचे डोळे सुजले होते. आईने त्याला बसायला पाट दिला, साडी परत केली आणि विचारलं, "तुझी आई हाय का?" तो हो म्हणाला. "मंग तिला असं काय दाखवू नको," एवढंच ती म्हणाली. तिने त्याला कधी बोल लावला नाही. मी लावते. मला तो आवडत होता म्हणून आणखीच लावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने भिका हौसाबाईला दिला. हौसाबाईच का, तर तिचा नवरा, सासू, पोटची मुलगी, सगळं आधीच गेलेलं. तिच्या घरातून न्यायला आता मरणाला काही उरलं नाही, ते तिकडे वळणार नाही, असं आईचं म्हणणं. एरवी दोघींचं कोंबड्यांवरून रोज वाजायचं. भिका सुपात बसण्याएवढा राहिला नव्हता, म्हणून त्याची बंडी सुपात ठेवली, ते सूप आईने हातात धरलं आणि त्याला मागून चालवलं. अंगणभर लोक जमले होते. भिका मला डोळा मारून हसला, आणि मीही हसले, कारण एवढा दांडगा मुलगा सुपामागून चाललेला दिसत होता. हौसाबाई मात्र हसली नाही. तिने त्याचे पाय धुतले, तोंडात गुळाचा खडा घातला आणि आईच्या पदरात मोल म्हणून पसाभर नागली ओतली. "आता माझा," ती म्हणाली. आई म्हणाली, "तुझा." आणि मागे न बघता घरी आली. त्या नागलीची तिने जात्यावर दळून भाकरी केली. विकत दिलेल्याचा दाणा पोटात गेला पाहिजे, नाहीतर देणं पुरं होत नाही. ती भाकरी ती कोरडीच खात होती आणि घास गिळवत नव्हता, आणि तरी तिने सगळी संपवली.

आम्हाला वाटलं, आठ दिवसांत निवळेल. भिका जेवणवेळी आमच्या उंबऱ्यापाशी यायचा. आई म्हणायची, "हौसाबाईनं अजून सैपाक नाय केला का?" एकदा तो न जुमानता आत येऊन पाटावर बसला तर हौसाबाई दारात येऊन उभी राहिली. डोळ्यांत पाणी. "मला नुसता राखायला दिलाय का? तसं असंल तर आत्ताच घ्या परत. सवय लागल्यावर नका घेऊ." भिका उठला. त्या दिवसानंतर तो खरोखरच तिचा झाला. आईला तो मावशी म्हणायला लागला. मोहन जे म्हणायचा तेच. पहिल्यांदा त्याने ती हाक मारली तेव्हा आई परसात तुळशीला पाणी घालत होती. तांब्यातलं पाणी संपलं तरी ती तांब्या धरून होती. मग "काय रे?" म्हणाली, परक्या मुलाला म्हणतात तसं.

सातबाऱ्यावर बापाचं नाव बदलत नाही, त्यामुळे दादांची जमीन पुढे भिकाच्याच नावावर आली. पण तेवढंच. त्याच्या लग्नात वरमाईचा मान हौसाबाईला. विधवेने वरमाई म्हणून बसावं का, यावर गावातल्या बायकांनी तोंडं वाकडी केली, तर माझी आई मांडवात उभी राहून भांडली. "पोरगा तिचा, मान तिचाच. कोणाला काय म्हणायचं ते मला म्हणा." आणि स्वतः शेजाऱ्यांच्या ओळीत जाऊन बसली. त्याची मुलं हौसाबाईला आजी म्हणत आणि आईला मावशीआजी. मी माहेरी आले की आई मला आडून आडून विचारायची, हौसाचा खोकत होता, औषध घेतलं का, बघ जरा. कुंपणापलीकडे तो दिसायचा, तिला विचारता आलं असतं. जीव लावलेला मरणाला दिसला तर चालणार नव्हतं. मी तिच्यावर फार चिडायचे. असलं काही नसतं, असं मी शिकलेल्या मुलीच्या तोऱ्यात तिला सांगायचे. ती म्हणायची, "नसंल. पण माझ्याजवळ तो एकच हाय."

मयताला ती जायची, पण रडायची नाही. मागे बसून राहायची. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना वाईट वाटायचं, की आता आपल्याला कोण रडणार.

सिनेमा नाशिकला लागला तेव्हा मी आणि माझा नवरा गेलो. आई आली नाही. पडद्यावर धूर, धुरातून आई आली, बसली, घोंगडी वर केली. खाली भिका नव्हता. तिथे सिनेमाचा नट होता, गोरापान, केस विंचरलेला. भिकाला नुसतं आईसाठी तिथे निजवलं होतं. आईचा चेहरा खरा होता, पण तिचा आवाज काढून टाकून त्यावर सनई घातली होती. मी घरी जाऊन तिला आनंदाने सांगितलं. म्हटलं, ऐक, तू भिकाला नाही रडलीस, त्या नटाला रडलीस असं सगळ्या जगाला दिसतंय. मला वाटलं, ती सुटेल. तिने माना टाकलेल्या मेथीच्या काड्या खुडता खुडता थांबून विचारलं, "कोणाचा हाय तो पोरगा? बरा हाय ना?" पुढे कधीही मी आले की ती त्या नटाची चौकशी करायची. तो मोठा झाला, त्याची लग्नं झाली, त्याचं वजन वाढलं, सगळं मी तिला सांगत असे, आणि ती समाधानाने मान हलवत असे.

दादा गेले, मग हौसाबाई गेली. हौसाबाईचं सगळं भिकाने केलं, डोकं भादरलं, दहा दिवस खाली निजला. आता तरी, असं मला वाटलं. आईने मला डोळ्यांनीच गप्प केलं.

शेवटच्या दोन-तीन वर्षांत आईला विसरण्याचा आजार झाला. आधी ती दादा गेल्याचं विसरली, मग माझं नाव विसरली. मला ती "बाई" म्हणायची आणि नर्स समजून हात पुढे करायची. भिका, त्याचेही केस आता पांढरे झालेले, रोज सकाळी कुंपण ओलांडून यायचा आणि तिला भरवायचा. मला रोज भीती वाटायची, की आता हिच्या तोंडून निघेल, माझा भिका. आणि रोज वाटायचं, एकदा निघू दे. सगळं विसरली, तेवढंही विसरू दे. ते कधी निघालं नाही. ती ते राखत होती की खरोखरच विसरली होती, हे मला कळलं नाही, आणि आता कळणारही नाही.

जाण्याच्या थोडे दिवस आधी भिका तिला नागलीची पेज भरवत होता. दोन घास झाल्यावर तिने त्याचा हात धरला आणि बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मी पलीकडे तिच्या लुगड्याची घडी घालत होते, ती तशीच हातात राहिली.

"चांगला हायस रे तू," ती म्हणाली. "तुझी आई लय नशिबाची."

भिकाने वाटी खाली ठेवली, तिच्या हनुवटीवर आलेली पेज बोटाने पुसली. "व्हय मावशी," तो म्हणाला. "लय नशिबाची हाय ती."